शहरातल्या गाडीचे टायर: उन्हाळी की हिवाळी, हे कोणत्या क्रमाने ठरवावे

पहिले हिम पडले की टायरच्या दुकानापुढे रांग लागते. त्या रांगेतल्या बहुतेकांची चूक महिनाभर आधी झालेली असते. डांबर गार पडलेले असते, सकाळी रस्ता ओला असतो, पण हिम दिसत नाही म्हणून उन्हाळी टायर तसेच ठेवले जातात. मग हिम पडल्यावर घाईत मिळेल ते माप घेतले जाते, बाजूवरच्या खुणा कोणी वाचत नाही, आणि कधी कधी चारऐवजी दोनच टायर बसवले जातात. हिवाळा सरल्यावर याच्या उलट घडते: हिवाळी टायर अजून चांगले दिसतात म्हणून भर उन्हाळ्यापर्यंत गाडीवर राहतात.

दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे हिम पाहून टायर ठरवण्याची सवय. निर्णय तापमान आणि रस्ता पाहून घ्यायचा असतो. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर मागच्या टप्प्यावर अवलंबून आहे. कंपनी आणि किंमत यांचा विचार पहिले चार टप्पे पूर्ण होईपर्यंत बाजूला ठेवावा.

या लेखात हिम म्हणजे आकाशातून पडलेला भुसभुशीत थर आणि बर्फ म्हणजे पाणी गोठून झालेला कडक, गुळगुळीत थर, असा भेद केला आहे. टायरच्या दृष्टीने या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

## १. गाडी काढता त्या वेळचे तापमान नोंदवा

उन्हाळी टायरचे रबर उष्ण डांबरावर टिकावे म्हणून घट्ट बनवलेले असते. थंडीत ते ताठ होते, आणि ताठ रबर डांबराच्या बारीक खडबडीतपणात रुतत नाही, त्यामुळे पकड कमी होते. हिवाळी टायरच्या रबरात सिलिकाचे प्रमाण जास्त असते आणि ते थंडीतही लवचीक राहते. शिवाय त्याच्या नक्षीवर केसासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. टायर दाबला गेला की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा हिमाला धरतात.

दोन्ही प्रकारांतली सीमारेषा म्हणून साधारण ७ अंश सेल्सिअस हा आकडा वापरला जातो. तो अंदाजाचा आकडा आहे. ८ अंशांवर उत्तम असलेला उन्हाळी टायर ६ अंशांवर एकाएकी निकामी होत नाही. पकड हळूहळू घटते आणि गोठणबिंदूच्या आसपास ती घट चांगलीच जाणवू लागते. हिमावर मात्र हळूहळू असे काही नसते. तिथे उन्हाळी टायर जवळजवळ असहाय होतो.

दोन आठवडे रोज, ज्या वेळी गाडी बाहेर काढता आणि ज्या वेळी परत येता, त्या दोन वेळांचे तापमान वहीत लिहून ठेवावे. हवामानाच्या अंदाजातला दिवसाचा कमाल आकडा इथे उपयोगाचा नाही. दुपारी १२ अंश असलेल्या दिवशी सकाळी सात वाजता २ अंश असू शकतात, आणि तुम्ही कामावर निघता ते सकाळी सातला. शहरात अंतरे छोटी असतात आणि सिग्नलवर थांबणे वारंवार होते, त्यामुळे लांबच्या प्रवासात टायर जसा थोडा तापतो तसा तो इथे तापत नाही.

पडताळणी: गाडी तळघरात किंवा बंद गॅरेजमध्ये उभी राहत असेल, तर डॅशबोर्डवरचा तापमापक सुरुवातीची काही मिनिटे आतल्या उबदार हवेचाच आकडा दाखवत राहतो. बाहेर पडून थोडे अंतर गेल्यानंतरचा आकडा नोंदवावा.

दोन आठवड्यांतल्या निम्म्याहून अधिक नोंदी ७ अंशांच्या खाली असतील आणि पारा उतरतच असेल, तर टायर बदलण्याची वेळ आली आहे. हिम पडले की नाही हा प्रश्नच येत नाही. वर्षभरात पारा कधीच तिथवर उतरत नसेल, तर उन्हाळी टायर पुरेसे आहेत आणि पुढचे बरेचसे टप्पे तुमच्यासाठी नाहीत.

## २. रोजच्या रस्त्यातली सर्वांत वाईट जागा शोधा

"आमच्या शहरात रस्ते साफ करतात, बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात" हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. मुख्य रस्ते लवकर साफ होतात, पण गाडी मुख्य रस्त्यावर उभी राहत नाही. घराजवळची गल्ली, गॅरेजमधून वर येणारा उतार, उंच इमारतींच्या सावलीत दिवसभर ऊन न लागणारा पट्टा, आणि पूल, या चार जागा आधी पाहाव्यात. पुलाला खालूनही गार वारा लागतो आणि जमिनीची ऊब मिळत नाही, म्हणून बाकीचा रस्ता नुसता ओला असतानाही पुलावर बर्फ धरलेला असू शकतो. सिग्नलपाशी थांबणाऱ्या आणि निघणाऱ्या चाकांनी घासून घासून हिमाचा आरसा झालेला असतो, आणि नेमके तिथेच आपल्याला थांबायचे असते.

शहरातला वेग कमी असतो, म्हणून टायरने फारसा फरक पडत नाही, असे वाटणे साहजिक आहे. त्यासाठी एक साधा हिशेब करून पाहावा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर पकडीच्या व्यस्त प्रमाणात वाढते. घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकड दाखवणारा आकडा, ०.८ असेल, जो कोरड्या डांबरावर मिळू शकतो, तर हे अंतर सुमारे १२ मीटर येते. दाबलेल्या हिमावर गुणांक ०.३ मिळाला तर ३३ मीटर, ०.२ मिळाला तर ४९ मीटर, आणि ओल्या बर्फावर तो ०.१ पर्यंत घसरला तर सुमारे ९८ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर त्याचे १४ मीटर यात वेगळे मिळवायचे आहेत. टायरमुळे पडणारा ०.२ आणि ०.३ हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. रस्त्यावर तो १६ मीटरांचा, म्हणजे तीन-चार गाड्यांच्या लांबीएवढा होतो. पादचाऱ्यांच्या पट्ट्यासमोर हे अंतर फार मोठे आहे.

सावधान: चारही चाकांना शक्ती देणारी गाडी हिमावरून सहज निघते, पण थांबताना तिला त्याचा काही फायदा होत नाही. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि स्थिरता-नियंत्रण (गाडी घसरू लागताच सावरणारी यंत्रणा) आहे तेवढी पकड नीट वापरतात. नसलेली पकड निर्माण करत नाहीत. गाडी निघते म्हणजे थांबेलही, या समजुतीने हिवाळ्यात अनेक जण समोरच्या गाडीवर आदळतात.

## ३. तीन पर्यायांपैकी एक निवडा

आता तापमानाची वही आणि रस्त्याची पाहणी समोर ठेवून निर्णय घ्यावा.

हिवाळ्याचे सलग दोन-तीन महिने सकाळचे तापमान ७ अंशांखाली राहत असेल आणि वाटेत साफ न होणारी एकही जागा असेल, तर उन्हाळी आणि हिवाळी असे दोन स्वतंत्र संच ठेवावेत. खर्च दुप्पट होतो, ही भीती बरीचशी अनाठायी आहे, कारण एक संच वापरात असताना दुसऱ्याची झीज थांबलेली असते. जास्तीचा खरा खर्च रिम, बदलण्याची मजुरी आणि साठवण यांचा असतो.

हिवाळा सौम्य असेल, हिम वर्षातून मोजकेच दिवस पडत असेल, उन्हाळाही फार कडक नसेल आणि अशा मोजक्या दिवशी गाडी घरी ठेवणे शक्य असेल, तर बारमाही टायर हा प्रामाणिक पर्याय आहे. दोन्ही ऋतूंत तो मधला असतो: खोल हिमावर खऱ्या हिवाळी टायरपेक्षा कमी आणि तापलेल्या डांबरावर उन्हाळी टायरपेक्षा कमी. फक्त शहरात, कमी वेगाने आणि कमी अंतर चालणाऱ्या छोट्या गाडीसाठी मी तो बेधडक सुचवीन. जड गाडीसाठी किंवा उताराच्या वस्तीत राहणाऱ्यासाठी नाही.

जिथे रस्त्यावर आठवडेच्या आठवडे बर्फ राहतो, तिथे हिवाळी टायरमध्येही निवड करावी लागते. ओल्या, मीठ टाकलेल्या थंड डांबरासाठी बनवलेला हिवाळी टायर आणि कडाक्याच्या थंडीतल्या बर्फासाठी बनवलेला अतिमऊ रबराचा टायर हे वेगळे आहेत. दुसरा टायर पहिल्याच्या जागी वापरला तर ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला अधिक अंतर घेते. खिळ्यांचे टायर बर्फावर सर्वांत प्रभावी असले तरी ते डांबर खरवडतात आणि धूळ उडवतात. म्हणून जर्मनीत ते सामान्य वापरासाठी बंद आहेत, आणि नॉर्वेतल्या ऑस्लोसारख्या शहरात ते वापरायचे तर शुल्क भरावे लागते.

पडताळणी: निर्णय पक्का करण्याआधी कायदा पाहावा. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत ठरलेली तारीख नाही, पण रस्त्यावर हिम, बर्फ किंवा चिखलहिम (पाणी सुटून चिखलासारखे झालेले हिम) असेल तर ते लागतात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात तशी स्थिती असेल तर लागतात, आणि नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल असल्याशिवाय नेहमीचा रेडियल टायर हिवाळी मानला जात नाही. दुसऱ्या देशात गाडी नेणार असाल तर तिथला नियम लागू होतो, घरचा नाही.

## ४. घरातला जुना संच आधी तपासा

नवीन टायर घेण्यापूर्वी मागच्या वर्षीचे उजेडात काढावेत.

नक्षीची खोली मोजपट्टीने प्रत्येक टायरवर आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला, अशी तीन ठिकाणी मोजावी. नवीन टायरवर ती साधारण ८ मिलिमीटर असते. युरोपात कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे आणि मुख्य खाचांतले छोटे उंचवटे त्याच पातळीला असतात. पण हिवाळी टायरसाठी ती मर्यादा निरर्थक आहे. ४ मिलिमीटरच्या खाली बारीक चिरा उथळ होतात आणि हिम धरणे जवळपास थांबते. उन्हाळी टायर ३ मिलिमीटरवर बदलावा, कारण त्यानंतर पाणी बाहेर टाकण्याची क्षमता झपाट्याने घटते आणि गाडी पाण्यावर तरंगू लागते.

मधली नक्षी जास्त झिजली असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, बिघडलेले आहे आणि ते दुरुस्त केल्याशिवाय नवीन टायर बसवणे म्हणजे तो फुकट घालवणे होय.

वय पाहण्यासाठी बाजूवर 'डॉट' या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार अंक वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर वयाने कडक होते, आणि हिवाळी टायरची सगळी मदार रबराच्या मऊपणावर असल्याने सहा वर्षांपुढच्या संचावर मी आणखी एक हिवाळा काढणार नाही. टायरच्या बाजूला फुगवटा किंवा आतले धागे दिसतील अशी चीर असेल, तर वय आणि खोली काहीही असो, तो टायर बाद समजावा. शहरात पदपथाच्या कडेला घासून अशी इजा नेहमी होते, आणि ती बहुधा गाडीच्या त्याच बाजूच्या दोन चाकांना होते.

## ५. माप आणि खुणा वाचून मगच खरेदी करा

समजा, टायरवर २०५/५५ आर १६ ९१ व्ही असे लिहिले आहे. यात २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, 'आर' म्हणजे रेडियल रचना आणि १६ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. ९१ हा भारांक आहे; त्याचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ६१५ किलो. 'व्ही' हे वेगाक्षर ताशी २४० किलोमीटर दाखवते, 'एच' २१० आणि 'टी' १९०. भारांक गाडीच्या कागदपत्रांतल्या आकड्यापेक्षा कमी कधीही घेऊ नये. हिवाळी टायरसाठी वेगाक्षर कमी असलेले अनेक देशांत चालते, मात्र तिथे ती वेगमर्यादा चालकाला दिसेल अशी चिकटवावी लागते.

गाडीच्या कागदपत्रांत एकापेक्षा जास्त मापे मंजूर असतील, तर शहरातल्या हिवाळ्यासाठी त्यांतले छोट्या रिमचे आणि अरुंद माप निवडावे. अरुंद टायर चिखलहिमातून खाली रस्त्यापर्यंत पोहोचतो, आणि बाजू उंच असल्याने खड्ड्यांत व पदपथाच्या कडेला रिम वाचते. टायरही बहुधा स्वस्त पडतो. मंजूर नसलेले माप दुकानदाराने बसते म्हणून सांगितले तरी घेऊ नये, कारण लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासू शकते.

आता सर्वांत जास्त फसवणारी खूण. 'एम+एस' ही अक्षरे चिखल आणि हिम यांसाठी आहेत, पण ती छापण्यासाठी हिमावरची कोणतीही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चित्र असेल, तरच त्या टायरची हिमावरची पकड ठरलेल्या प्रमाणित टायरशी तुलना करून तपासलेली असते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसती 'एम+एस' अक्षरे असलेला टायर हिवाळी धरला जात नाही. बारमाही टायर घेतानाही हेच चित्र शोधावे.

युरोपीय लेबलवर ओल्या रस्त्यावरची पकड 'ए' ते 'ई' अशा श्रेणीत दिलेली असते. हिवाळ्यात शहरातला रस्ता बऱ्याचदा ओला असतो, म्हणून इंधन-बचतीच्या श्रेणीआधी ही श्रेणी पाहावी. त्याच लेबलवर बर्फावरच्या पकडीचे वेगळे चिन्ह असेल, तर तो टायर कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशासाठी आहे, हेही लक्षात घ्यावे.

सावधान: दोनच हिवाळी टायर घेऊन पैसे वाचवू नयेत. ते पुढे बसवले तर ब्रेक लावताच किंवा वळणावर मागची बाजू सुटते आणि गाडी गोल फिरते. मागे बसवले तर गाडी वळायला किंवा थांबायला ऐकत नाही. संच चारांचाच असतो.

## ६. टायर बदला

हिवाळी संच वेगळ्या रिमवर कायम बसवून ठेवणे उत्तम. एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर काढ-घाल केल्याने टायरची कड दुखावते आणि दर वेळी बॅलन्सिंग करावे लागते. रिम वेगळी असेल तर काम घरीही होते, ते या क्रमाने:

१. गाडी सपाट, टणक जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, आणि जे चाक काढायचे त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला अडण लावावी.

२. चाक जमिनीवर असतानाच नट (काही गाड्यांत बोल्ट) अर्धा वळसा सैल करावेत. उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरू शकते.

३. जॅक फक्त कंपनीने खूण केलेल्या जागी लावावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये.

४. चाक काढल्यावर हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाचा, पृष्ठभाग तारेच्या ब्रशने गंज निघेपर्यंत घासावा. इथे राहिलेल्या गंजामुळे चाक तिरके बसते आणि नट पुढे सैल होतात. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नये.

५. नवीन चाक बसवताना बाजूवरचा बाण गाडी पुढे जाण्याच्या दिशेने आहे ना, हे पाहावे. बाण नसून 'आउटसाइड' असे लिहिले असेल तर ती बाजू बाहेर हवी. चारांपैकी जास्त नक्षी असलेली जोडी मागे बसवावी, गाडी पुढच्या चाकांनी चालणारी असली तरीही.

६. सर्व नट आधी हाताने फिरवावेत, मग पान्ह्याने समोरासमोर, ताऱ्याच्या आकारात आवळावेत. चाक जमिनीवर टेकवून शेवटचा आवळ टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्ह्याने), गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत द्यावा.

सावधान: लोखंडी आणि अलॉय रिमचे बोल्ट वेगळे असू शकतात; लांबीत आणि बसणीच्या आकारातही. चुकीचा बोल्ट आवळलेला वाटतो, पण तो चाक नीट धरत नाही. रिमसोबत आलेलेच बोल्ट वापरावेत.

साधारण ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत. दुकानातून बदलून घेतले असले तरीही हे टाळू नये.

## ७. हवा आणि पहिले काही दिवस

तापमान १० अंशांनी उतरले की टायरमधला दाब साधारण ०.१ बार, म्हणजे जवळपास दीड पीएसआय कमी होतो. २० अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेली हवा बाहेर उणे ५ अंशांत पाव बारने कमी झालेली असते. म्हणून हवा गाडी चालवण्याआधी, बाहेरच्या थंडीत तपासावी आणि दाराच्या खांबावरच्या आकड्याशी जुळवावी. हिवाळ्यात हे दर दोन आठवड्यांनी करावे. हिमावर पकड मिळावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला काही जण देतात. शहरातल्या रस्त्यावर त्याने कडा झिजतात, टायर खड्ड्यात दुखावतो आणि फायदा काही होत नाही.

हवेचा दाब मोजणारी यंत्रणा चाकातल्या संवेदकांवर चालत असेल, तर दुसऱ्या संचालाही संवेदक लागतात. ती चाकांच्या फिरण्यावरून अंदाज घेणारी असेल, तर टायर बदलून हवा बरोबर केल्यानंतर ती नव्याने शून्यावर आणावी लागते. हवा भरण्याआधी ते केले तर यंत्रणा चुकीचा दाबच बरोबर मानते.

नवीन टायरची पूर्ण पकड पहिल्या ३०० किलोमीटरपर्यंत मिळत नाही, तोवर अंतर ठेवून चालवावे. हिम पडलेल्या पहिल्या दिवशी रिकाम्या मोकळ्या जागेत ताशी २० किलोमीटरवर ब्रेक जोरात दाबून धरावा. पायाखाली एबीएसची थरथर कशी जाणवते आणि गाडी किती पुढे जाते, हे गर्दीत कळण्याआधी तिथे कळलेले बरे.

## ८. वेळेवर उतरवा आणि नीट ठेवा

सकाळचे तापमान सलग दोन आठवडे ७ अंशांच्या वर राहिले आणि पुन्हा हिमाचा अंदाज नसेल, तर हिवाळी संच उतरवावा. तापलेल्या डांबरावर मऊ रबर लवचून झिजते आणि थांबण्याचे अंतर वाढते. पुढच्या वर्षी टाकायचेच आहेत म्हणून उन्हाळ्यात संपवून टाकू, हा विचार पैशाचा वाटतो, पण अचानक ब्रेक मारायची वेळ आली की तो महागात पडतो.

उतरवताना प्रत्येक टायरवर खडूने पुढचा डावा, पुढचा उजवा अशी जागा लिहावी. टायर धुऊन, खाचांत अडकलेले खडे काढून, पूर्ण वाळवून थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावेत. तेल, पेट्रोल, रंग पातळ करायचे द्रावण आणि चालू विजेच्या मोटारी यांपासून ते दूर असावेत, कारण अशा मोटारींतून निघणारा ओझोन रबराला तडे पाडतो. रिमवरचे टायर एकावर एक रचावेत किंवा टांगावेत. रिम नसलेले उभे ठेवावेत आणि महिन्यातून एकदा थोडे फिरवावेत, नाहीतर एकाच जागी दाब येऊन आकार बिघडतो.

ठेवण्याआधी नक्षीची खोली आणि तयार झाल्याचा आठवडा कागदावर लिहून तो कागद संचाला बांधावा. त्यावर ४ मिलिमीटरपेक्षा कमी आकडा असेल, तर नवीन संच उन्हाळा संपण्याआधीच, आपल्या मापाचे टायर दुकानात असताना घेऊन ठेवावा.